लोखंडावरचा बेल

चार वर्षं माझ्या पीएच.डी.चे आकडे छान येत होते, आणि ते छान का येतात हे मला कळतंय असं मी धरून चालले होते. पाचव्या वर्षी मामा महिनाभर रजेवर गेले आणि आकडे कोसळले. तिथून पुढे जे झालं त्याचा मला आजही धड अर्थ लावता येत नाही. सांगायला बसले की मध्येच माझंच डोकं फिरतं.

मामा म्हणजे आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या लॅबचे अटेंडंट. कोल्हापुरात कॉलेजचा शिपाई काय आणि लॅबमधला माणूस काय, सगळे मामाच. हे मामा निपाणीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात चहाचा घोटसुद्धा नाही. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मी एकदा सांगून बघितलं, अहो मी लहान आहे तुमच्यापेक्षा. "मग काय झालं? अक्काच," म्हणाले, आणि विषय संपला.

मी तासिका तत्त्वावरची बाई. एका कॉलेजात संशोधन, गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कॉलेजात दुपारचे तास, संध्याकाळी स्कूटीवरून गडमुडशिंगीला घरी. वय त्रेचाळीस. जिथं मी तास घेत होते तिथं एक कायमची जागा निघणार होती, आणि पीएच.डी. नसेल तर अर्ज कुणी उघडूनही बघणार नव्हतं. माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत एकदा वाढवून झाली होती. थेसिस वेळेत गेला तर जागा, नाही तर पुन्हा तासाच्या हिशोबावर म्हातारपण. एवढंच होतं, पण माझ्यासाठी तेच सगळं होतं.

विषय तसा साधा. आपल्या शिरोलीच्या कारखान्यांत लोखंडावरचा गंज काढायला ते ॲसिडात बुडवतात. ॲसिड आधी गंज खातं, आणि गंज संपला की हावरटासारखं चांगलं लोखंड खायला लागतं. ते थांबवायला ॲसिडात थोडं औषध घालायचं असतं. औषध म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन वगैरे असलेले सेंद्रिय रेणू. ते लोखंडाला चिकटून बसतात आणि ॲसिडला हात लावू देत नाहीत. बाजारातली बरीच औषधं विषारी, म्हणून हल्ली जो तो झाडपाल्याच्या मागे. कडुलिंब झाला, तुळस झाली, शेवगा झाला, मेंदी झाली. माझे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, आपल्या इथं कुणी घेतलेलं नाही असं काहीतरी शोधा. लॅबच्या मागं बेलाचं झाड होतं. मी म्हटलं, बेल. झालं. भाजी घेतानासुद्धा मी यापेक्षा जास्त विचार करते.

मामांना कळलं तेव्हा लॅब दणाणली. "पत्री ॲसिडात घालनार? तुमी माणसं हाय का कोन?" बेलाच्या पानाला ते पत्री म्हणायचे. मीही कमी नाही. म्हटलं, "मामा, तुमची पत्री लोखंडाला वाचवते का ते बघतेय. वाचवलं तर नाव कुणाचं होईल, माझं का महादेवाचं?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच कापडी पिशवीभर पानं घेऊन आले. म्हणाले, "झाडाला हात मी लावनार. तुमी न्हाय." तेव्हापासून पानं तेच तोडायचे, अंघोळ करून, सोमवार आणि अमावास्या सोडून. पानं उकळून अर्क काढला की उरलेला चोथा कचऱ्यात नाही, झाडाच्या बुंध्याशी. मी हसायचे. मला काय, पाला मिळतोय ना.

काम असं असायचं. बोटभर लांबीच्या पोलादाच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासून लख्ख करायच्या, वजन करायचं, दोरा बांधून ॲसिडात सोडायच्या. काही साध्या ॲसिडात, काही बेलाचा अर्क घातलेल्या ॲसिडात. सहा तासांनी काढायच्या, ब्रशनं घासून वरचं काळं काढायचं, धुवायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा वजन. जिचं वजन कमी घटलं ती वाचली. वजनातला फरक इतका बारीक की आमच्या तराजूला श्वास लागला तरी आकडा हलायचा. सकाळी दहाला पट्ट्या मी सोडायची. दुपारी चारला काढायच्या, पण चारला मी दुसरीकडं पोरांना मोल संकल्पना शिकवत असायची. म्हणून काढणं-धुणं मामांकडे. पहिल्याच दिवशी एका दमात सगळं सांगितलं, ब्रशनं घासा, पाण्यानं धुवा, मग ॲसिटोन, मग वाळवा. मामा "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन मी करायची.

आणि आकडे काय यायचे! नव्वदच्या वर. म्हणजे साध्या ॲसिडात लोखंड जेवढं झिजतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त बेल वाचवतोय. एका जर्नलमध्ये पेपर छापून आला. सर त्या वर्षी माझ्याशी दोनदा हसून बोलले. मामांनी पेढे वाटले आणि पेपरची झेरॉक्स घरी नेऊन देवाजवळ ठेवली. गावच्या जत्रेत त्यांनी सांगितलं म्हणे की आमच्या लॅबमधी पत्रीनं ॲसिडाला नमवलं. त्यांच्या भाच्यानं बीकरचा फोटो स्टेटसला ठेवला, खाली हात जोडलेले. एकदाच खटकलं होतं. बाहेरच्या एका लॅबमधल्या मशीनवर विजेनं मोजून बघितलं तर आकडा बराच खाली आला. सर म्हणाले, पद्धत वेगळी, आकडा वेगळा. मला ते ऐकायचंच होतं, मी ऐकलं.

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर डोळ्याला वाफ नको, ॲसिड तर नकोच. तेव्हा परीक्षांमुळे माझे तासही बंद होते. म्हटलं, राहिलीत किती, पाच-सात रीडिंग, माझी मीच करते. पहिल्याच आठवड्यात आकडा आला साठ. मी तराजूकडे बघत बसले. पुन्हा केलं. एकसष्ट. पुन्हा केलं. अठ्ठावन्न. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी सगळ्यांवर संशय घेतला. तराजू दुसऱ्या विभागातून मागून आणला. पोलाद बदललं. शाहूपुरीत जिथून ॲसिड आणायची तिथं जाऊन दुकानदाराशी भांडले, की पावणं, माल जुना दिलाय तुम्ही. तो म्हणाला, "मॅडम, ॲसिड म्हंजे दूध हाय व्हय, नासायला?" दुकानातली चार माणसं हसली. मी नवी बाटली घेऊन पाय आपटत परत आले, आणि नव्या बाटलीतही साठच.

शेवटी मामांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "पत्री कवा तोडलासा?"

आठवून सांगितलं, सोमवारी.

"मग कसं यील?"

मी फोन आपटला. एम.एस्सी. झालेली बाई मी, रेणूला काय वार कळतो का? पण खरं सांगते, गुरुवारी पहाटे अंघोळ करून मी गडमुडशिंगीहून आले आणि झाडाला नमस्कार करून पानं तोडली. नमस्कार केला. कुणी बघत नाही ना ते बघून केला. दोन दिवसांनी आकडा आला साठ. मला देवाचा राग आला आणि विज्ञानाचाही. नेमकं कुणावर चिडायचं ते कळेना.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दूध डेअरीत नोकरीला आहे, त्याच्याकडे फॅट मोजायचं मशीन आहे, त्यामुळे त्याला वाटतं सगळं मोजता येतं. म्हणाला, "हातगुण असतो एकेकाचा. तुझ्या हाताला गुण नाही. भाकरी बघ की स्वतःची." मी लाटणं हातात घेतलं तसा बाहेर गेला. पण शब्द डोक्यात राहिला. हातगुण. मामांच्या हाताला गुण, माझ्या हाताला नाही. थेसिसमध्ये हे कुठल्या प्रकरणात लिहायचं?

मामा परत आले, काळा चष्मा लावून. आल्याआल्या पानं तोडली. मी अर्क काढला, पट्ट्या सोडल्या, तासाला गेले. दुसऱ्या दिवशी आकडा त्र्याण्णव. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आनंदानं का भीतीनं, आई शपथ सांगता येत नाही. त्यानंतरचे काही आठवडे मी कशी वागत होते ते आठवलं की लाज वाटते. पट्ट्या सोडायच्या आधी बीकर मामांच्या हातात द्यायची, उगाच, म्हणजे त्यांचा हात लागावा. त्यांना म्हणायची, जरा धरा हो. ते धरायचे. त्यांना वाटायचं माझी पाठ दुखते.

थेसिस टाइप होत आला होता. त्या दिवशी गावात फुटबॉलची मोठी मॅच होती, आणि मॅचच्या दिवशी कोल्हापुरात कोण मोल संकल्पना शिकतंय? वर्गात चिटपाखरू नव्हतं. मी स्कूटी फिरवून लॅबला परत आले. चार वाजले होते. मामा सिंकपाशी पाठमोरे उभे होते, साध्या ॲसिडातल्या पट्ट्या काढत होते. ब्रश घेऊन असे घासत होते की खरकटी कढई बरी. लख्ख करून एका बाजूला ठेवल्या. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला. साबणानं हात धुतले. चप्पल काढली. आणि बेलाच्या पट्ट्या एकेक करून दोन्ही हातांनी उचलल्या, स्वच्छ पाण्याच्या बीकरमध्ये अलगद बुडवल्या, वर काढल्या, टिपकागदावर निजवल्या. ब्रश लावला नाही. बोटसुद्धा फिरवलं नाही. पट्टीवर बेलाचा काळा थर तसाच होता.

मी दारात उभी. मी, जी टेस्टट्यूब फुटली तरी मजला डोक्यावर घेते, मागच्या मागं वळले. तशीच जिन्यात जाऊन बसले. दूरवर मॅचचा गोंगाट चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्यांचं वजन केलं, नव्वदच्या वर. मग नळाखाली धरून ब्रशनं घासल्या, वाळवल्या, पुन्हा वजन केलं. साठ. म्हणजे चार वर्षं मी लोखंडाचं म्हणून जे वजन लिहीत होते त्यात त्या थराचं वजन होतं. आणि थेसिसच्या दुसऱ्या प्रकरणात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की सर्व पट्ट्या ब्रशने घासून स्वच्छ केल्या. सर्व.

सरांकडे गेले. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "थर बसलाय म्हणजे औषध काम करतंय. मग चुकलं काय?" मी म्हटलं, सर, पण वजन. म्हणाले, "परीक्षक काही ब्रश घेऊन येणार नाहीत. मुदतीला पंधरा दिवस आहेत. आता सगळं नव्यानं करायचं म्हणजे सहा महिने. तुमची जागा थांबेल का सहा महिने?"

थर होता हे खरं. तो थर लोखंडाला थोडंफार वाचवत होता हेही खरं. मग खोटं नेमकं किती आणि कुठून सुरू होतं, यात मी तीन दिवस गटांगळ्या खाल्ल्या. आमटीत दोनदा मीठ घातलं. नवरा गपचूप जेवला, एवढं माझं तोंड बघून त्याला कळत होतं. मला ती जागा पाहिजे होती. महिन्याच्या एक तारखेला पगार, मे महिन्यातसुद्धा पगार, आणि स्टाफरूममध्ये माझ्या नावाचं कपाट. खूप पाहिजे होती, हे लपवण्यात काय अर्थ आहे? एका क्षणी वाटायचं, मामांचीच चूक, मी तर सांगितलं होतं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, आणि मामांना कळलं तर? ते झेरॉक्स घेऊन देवापुढं बसतात रोज.

चौथ्या दिवशी चार वाजता तास दुसऱ्या मॅडमना घ्यायला सांगून लॅबवर गेले.

"मामा, बेलाच्या पट्ट्या तुम्ही घासत नाही."

"न्हाय," ते म्हणाले, जसं काही मी विचारतेय की तुम्ही मटण खाता का. "त्यावर पत्री बसल्याली असत्या की. भांडी घासायचा ब्रश पत्रीला लावू व्हय?"

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं, की वरचा थर तराजूवर लोखंडाबरोबर मोजला गेला, म्हणून आकडे फुगले. ते स्टुलावर बसले. काळा चष्मा काढला, परत लावला.

"मग ते छापल्यालं?"

"तेही चुकलंय. कळवावं लागेल."

"पत्री कायच करत न्हाय म्हना की."

"करते. पण साठ करते, नव्वद नाही."

मला वाटलं रडतील, किंवा माझ्यावर ओरडतील, किंवा म्हणतील पत्रीची विटंबना केली म्हणून असं झालं. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चार वर्सं मी धुतोय, अक्का. येकदा तरी बघाय यायचं हुतं."

चारला तास असायचा हे काही उत्तर नव्हतं. तास एखाद्या दिवशी बदलता आला असता, आज बदललाच की. मी बघायला गेले नाही, कारण आकडे चांगले येत होते. आकडे पडले तेव्हा मी तराजू तपासला, पोलाद तपासलं, दुकानदाराशी भांडले, वार बघितले, माझा हात बघितला. चार वाजता तो माणूस काय करतो ते बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं, मामा." मला ते म्हणायची सवय नाही, त्यामुळे फार रागात म्हटल्यासारखं झालं.

सरांनी मुदतवाढीच्या फॉर्मवर सही केली, वर बघितलं नाही. दुसरी मुदतवाढ देतात की नाही ते अजून कळलेलं नाही. जागेच्या अर्जाची तारीख मात्र गेली. ती जागा गेली. जर्नलवाल्यांना मेल लिहिलाय, त्यांचं उत्तर यायचंय. नवरा म्हणतो तू शहाणी आहेस, आणि दहा मिनिटांनी म्हणतो तू येडी आहेस. दोन्ही वेळा मला पटतं.

आता पट्ट्या मी सकाळी साडेसहालाच सोडते, म्हणजे तासाला जायच्या आधी, साडेबाराला, माझ्या हातानं काढता येतात. पहिल्या दिवशी मामा मुद्दाम जवळ येऊन उभे राहिले. खिशातून कोरा ब्रश काढून दिला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. "कशाला लावल्याला न्हाय," म्हणाले. साध्या ॲसिडातल्या पट्ट्या मी धडाधड घासल्या. मग बेलाची पहिली पट्टी नळाखाली धरली. ब्रश टेकवला. काळं पाणी सुटलं, खालून पोलाद चमकायला लागलं, आणि माझा हात आपोआप हलका झाला. ते काळं म्हणजे माझे तीस टक्के होते. वरवर दोनदा ब्रश फिरवून मी पट्टी बाजूला ठेवायला गेले.

मामांनी नव्या डोळ्यानं ती निरखून बघितली.

"अक्का, अजून काळं हाय."

"दिसतंय मला."

त्यांनी पट्टी उचलून परत माझ्या हातात दिली आणि नळ मोठा सोडला. "मग घासा की," म्हणाले.